पाठीचा वार

यापुढे पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं तेव्हा ताईला हसू आलं. बादलीचं वजन ते किती आणि आईचं किती! आई अर्ध्या अंगाने लुळी पडली त्याला दीड वर्ष होत आलं होतं. तिला पलंगावरून चाकांच्या खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये आणि पुन्हा माघारी नेणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते आत्ता डॉक्टरांपुढे वाकडं होऊन बसलं होतं.

"मणक्यातली चकती सरकली आहे," डॉक्टर म्हणाले. "आता थांबला नाहीत तर ऑपरेशन. मग तुम्हालाच उचलायला कुणीतरी लागेल. घरात दुसरं कुणी नाही का?"

"आहे ना. पाठचा भाऊ आहे. एकशे चाळीस किलो उचलतो."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "मग प्रश्नच मिटला की."

प्रश्न मिटायचा असता तर दीड वर्षापूर्वीच मिटला असता. भाऊ राहायला दोन गल्ल्या सोडून होता. चपलांच्या दुकानाखालच्या तळघरात त्याची जिम होती आणि तिथे सगळे त्याला कोच म्हणत. रविवारी तो आईसाठी फळं घेऊन यायचा, पलंगापासून चार हात लांब खुर्ची ओढून बसायचा, "काय म्हणतेस आई?" असं भिंतीवरच्या घड्याळाला विचारायचा आणि चहा संपला की निघायचा. फळं कापून, बिया काढून, चमच्याने भरवायचं काम अर्थात ताईचं.

त्या संध्याकाळी ताईने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग तिच्यामागे येऊन, आंबा पिकलाय का बघावा तसा अंगठ्याने तिचा कणा वरपासून खालपर्यंत दाबून पाहिला.

"पाठ कच्ची आहे तुझी," तो म्हणाला. "आईला शेजारणीवर सोपवून दिवसभर दुकानात वाकून चष्म्याच्या काचा घासतेस. दुसरं काय होणार?"

"पाठ दाखवायला नाही बोलावलं तुला. सकाळी आईला उठवायला येशील का, एवढंच विचारायचंय."

"अगं, मी आज येईन, उद्या येईन. त्याने काय होणार? ताकद तुझी तुला आली पाहिजे. डॉक्टर लोकांचं काय, ते घाबरवतातच."

आणि त्याने तिथल्या तिथे तिच्या आठवड्याची वाटणी करून टाकली. सोमवारी छाती, मंगळवारी पाय, बुधवारी पाठ, गुरुवारी विश्रांती, शुक्रवारी खांदे, शनिवारी दंड, रविवारी पुन्हा विश्रांती. एका वारी एकच अवयव, हे त्याने दोनदा सांगितलं. ज्याला ताण दिला त्याला निदान दोन दिवस हात लावायचा नाही, कारण स्नायू ताणाने वाढत नाही, विश्रांतीने वाढतो.

"आणि आईला उचलायचा वार कोणता?" ताईने विचारलं.

त्याला तो विनोद वाटला. तो चांगला खळखळून हसला.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती सोमवारी जिममध्ये गेली. काही व्यायामाच्या ओढीने नाही. तिने मनाशी वेगळंच ठरवलं होतं. रोज आपण त्याच्या डोळ्यांसमोर कमरेतून वाकडं चाललो, तर कधीतरी त्याला दिसेल. आंधळा तर नाही ना तो.

तळघरात खालून रबराचा आणि वरून नव्या चपलांचा वास यायचा. एका भिंतीवर आरसा, दुसरीवर पांढरा फळा. फळ्यावर सात वार आणि प्रत्येक वारापुढे रोज येणाऱ्यांसाठी एकेक अवयव, निळ्या शाईत, ठसठशीत अक्षरात. अक्षर त्याचं शाळेतही चांगलं होतं. अभ्यास ताईने लिहून दिलेला असायचा, तो फक्त उतरवायचा, म्हणून असेल.

शिकवायला तो उत्तम होता, आणि हेच ताईच्या जास्त जिव्हारी लागलं. बँकेत काम करणाऱ्या एक जाड्या बाई होत्या. त्या खांद्यावर दांडा घेऊन बैठका मारायला घाबरायच्या. तो त्यांच्या पाठीमागे उभा राहायचा. दोन्ही हात दांड्याखाली धरायचा, पण टेकवायचा नाही.

"सोडा भीती," तो म्हणायचा. "मी मागे आहे."

मग त्या खाली बसायच्या आणि उठायच्याही. एक निवृत्त मास्तर यायचे, त्यांच्याही मागे तो. कॉलेजातली पोरं यायची, त्यांच्याही मागे. सगळ्या गावाच्या मागे हा उभा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण ताईने आजवर नुसती ऐकली होती. आता ती तिच्यासमोर घट्ट बनियन घालून फिरत होती.

लहानपणी शाळेतून येताना तो दमायचा आणि रस्त्यातच फतकल मारून बसायचा. मग ताई दप्तर पोटाशी बांधायची आणि त्याला पाठीवर घ्यायची. पाठचा भाऊ म्हणजे आपल्या पाठीवर जन्माला आलेला, हे तेव्हा तिला आईने सांगितलं होतं. पाठीवर आला तो उतरायचं नावच घेईना, हे आई सांगायची विसरली.

बुधवारी पाठीचा वार होता. भावाने तिला अगदी हलकी वजनं दिली, कोपर कुठे, नजर कुठे, श्वास कधी सोडायचा ते नीट दाखवलं. "शाबास," म्हणाला. ताईला कमरेत काहीतरी दोरीसारखं ओढल्यागत झालं. तिने तसं सांगितलं. "ते जाणवायलाच पाहिजे," असं उत्तर मिळालं.

गुरुवारी सकाळी बाथरूमच्या उंबऱ्याशी ती दोरी तुटली. आई हातांत होती, आंघोळ झाली होती, अंगात ओला गाऊन होता, खुर्ची एका पावलावर होती. ताईच्या कमरेत कळ गेली आणि पायांतला जीवच गेला. आईचं डोकं आपटू नये म्हणून ती स्वतः खाली आली आणि आई तिच्या अंगावर. दोघी ओल्या फरशीवर. आईला लागलं नव्हतं, पण ती वाकड्या झालेल्या तोंडाने "सोडू नको, सोडू नको" असं काहीतरी म्हणत होती.

ताईने सरपटत जाऊन फोन ओढला.

"आईला घेऊन पडलेय," ती म्हणाली. "लागलं नाहीये. पण तिला उचलता येत नाहीये आणि मलाही उठता येत नाहीये. ये."

तिकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "ताई, काल माझाही पाठीचाच वार होता गं. आज लगेच ताण दिला तर लचकेल. आणि सातची माणसं आलीयेत. खालच्या सुतारकाकांना हाक मार ना. मी आवरतो आणि येतोच."

ताईने फोन ठेवला. जे तोंडात आलं होतं ते आईसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

सुतारकाका आले. भला माणूस. हाताला सरसाचा वास, केस पिकलेले, स्वतःचे गुडघे कुरकुरत होते. त्यांनी मान वळवून, नजर दाराकडे ठेवून आईला उचललं. आईने तिचा तेवढा एक चालता हात उचलला आणि चेहऱ्यावर आडवा धरला. जन्मभर घराबाहेर पडताना पदराची पिन दोनदा तपासणारी बाई, तिला ओल्या गाऊनमध्ये परक्या पुरुषाने उचललं आणि झाकायला तिच्याकडे एक तळहात होता. ताईने तो हात पाहिला. इतका वेळ कमरेत होतं ते सगळं तिच्या डोक्यात चढलं.

काकांच्या आधाराने मग तीही उठली. भाऊ काही आला नाही. दुपारी त्याचा निरोप आला, की आज गर्दी आहे, गरम पाण्याची पिशवी घे.

संध्याकाळी शेजारणीला आईपाशी बसवून ताई भिंत धरत धरत दोन गल्ल्या चालून गेली. जिम भरलेली होती. एक पोरगा बाकावर उताणा पडून दांडा वर ढकलत होता, त्याचे हात लटपटत होते आणि भाऊ त्याच्या डोक्याशी उभा होता.

"घाबरू नको," भाऊ म्हणाला. "मी मागे आहे."

"खोटं बोलतोय," ताई दारातून म्हणाली. "हा मागे नसतो."

पोरग्याचा दांडा कसाबसा खुंट्यांवर आला. सगळे वळले. बँकेतल्या बाईंनी हातातली बाटली खाली ठेवली.

"ताई, इथे नको," भाऊ हळू आवाजात म्हणाला.

"मग कुठे? घरी तू येत नाहीस. बँकेतल्या बाईंच्या मागे उभा राहतोस, मास्तरांच्या मागे राहतोस. आणि तुझी आई फरशीवर पडली तर सुतारकाकांना हाक मार. तुझ्या पाठीला वार आहे. तिला विश्रांती लागते. माझ्या पाठीला कोणता वार आहे रे? वाच ना फळ्यावरून. सोमवार ते रविवार कुठे लिहिलाय माझा विश्रांतीचा वार?"

त्याने तिचा दंड धरून तिला पाण्याच्या पिंपापाशी, कोपऱ्यात नेलं. तिथे तो उभा राहिला, एवढा मोठा, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"लोखंड कुठे धरायचं ते कळतं मला," तो म्हणाला. "आईला कुठे धरायचं ते नाही कळत. हॉस्पिटलात एकदा उचलायला गेलो होतो. तिचा हात असा लोंबला, ताई, जणू काही तिचा नाहीच. मला वाटलं, मी काहीतरी मोडलं. तेव्हापासून माझे हातच पुढे होत नाहीत."

दुसरी एखादी बहीण इथे विरघळली असती. ताई विरघळली नाही.

"मलाही कळत नव्हतं," ती म्हणाली. "पहिल्या महिन्यात रोज रडायचे मी बाथरूममध्ये. शिकले, कारण मला पळून जायला तळघर नव्हतं. भीती वाटते ते ठीक आहे. पण भीतीला स्नायूंचं नाव देऊ नकोस. उद्या सकाळी साडेसहाला ये. आणि वार बघून येऊ नकोस."

जाता जाता तिने तळहाताने फळ्यावरची सगळी अवयवांची रांग पुसली. वार तेवढे राहिले. हात निळा झाला, तो तिने तिथल्याच टॉवेलला पुसला.

दुसऱ्या दिवशी तो आला. साडेसहाला पाच कमी असताना आला आणि बूट काढायला नको इतका वेळ लावला. ताई कमरेला पट्टा बांधून खुर्चीत बसली होती. उंटावरून शेळ्या हाकायची पाळी आज तिची होती.

"आधी तिचा लुळा हात तिच्या मांडीवर घे. लोंबकळत ठेवू नको. आता तुझा गुडघा तिच्या दोन गुडघ्यांमध्ये. हात काखेखालून. ओढू नकोस, दांडा नाहीये तो. तिच्याबरोबर पुढे-मागे झुल, ती स्वतःच थोडी उठते."

भाऊ बँकेतल्या बाईंपेक्षा जास्त घाबरला होता. पण आई उठली, सहज उठली. त्या दोन दंडांत ती इतकी अलगद बसली, की तिला कशालाच धरायची गरज उरली नाही. ताई उचलायची तेव्हा आई चालत्या हाताने तिच्या मानेला गच्च धरायची, नखं रुतेपर्यंत. तो हात आज मोकळा होता. तो हवेत जरा घुटमळला आणि मग भावाच्या पाठीवर गेला. आई त्याची पाठ थोपटू लागली, सावकाश, तान्ह्या मुलाला ढेकर यावी म्हणून थोपटतात तशी.

भाऊ तिथेच उभ्या उभ्या रडायला लागला.

ताईने मानेवरच्या नखांच्या खुणांवर बोटं फिरवली. दीड वर्ष! आणि शाबासकी पहिल्या दिवशी आलेल्याला. आईची चूक नव्हती, भीतीने आवळलेला हात कुणाला थोपटणार, हे तिला कळत होतं. कळूनही तिचा संताप संताप झाला.

"रडत उभा राहू नकोस," ती म्हणाली. "तिचे पाय गार पडतील. खुर्चीत बसव."

त्याने आईला बसवलं, चुकत चुकत तिचे पाय पायटेकणीवर ठेवले, डोळे पुसले. मग म्हणाला, "ताई, उद्या माझा दंडांचा..." आणि त्याने जीभ चावली.

"उद्या पाठीचा वार," ताई म्हणाली. "परवाही पाठीचाच."

"हो," तो म्हणाला आणि आईची खुर्ची खिडकीकडे ढकलू लागला.

ताई टेबलाची कड धरून हळूहळू गुडघ्यांवर आली, मग कुशीवर, मग उताणी. राग होता तसाच होता. तो घेऊनच तिने जमिनीला पाठ टेकली.