दारावरचा झेंडू

नाजनीनच्या अब्बांना, लालसाबना, झेंडूचा भारी नाद. खंडेनवमी आली की मंद्रूपहून पोतंभर फुलं आणायची आणि कुंभारीच्या माळावरच्या सिद्धप्रकाश विद्यापीठातलं ॲक्सिलरेटर नवरीसारखं नटवायचं, हा मान दरसाल त्यांचाच. ॲक्सिलरेटर म्हणजे जाड काँक्रीटच्या खोलीतली, इलेक्ट्रॉन सुसाट पळवणारी लांबलचक नळी. ती चालू असताना आत पाऊल टाकायचं नाही. म्हणून दाराच्या चौकटीत एक बटण होतं. दार लागलं की ते दाबलं जाई, उघडलं की सुटे आणि मशीन आपसूक बंद पडे.

नियम असा, की आधी टेबलावरून मशीन बंद करायची, मग हातात मीटर धरून, आत किरण नाहीत ना बघत दार उघडायचं. पण रोजच्या कामात एवढं कोण करतंय? लालसाबांचे तिथल्या कामातले जोडीदार अमृतकाका तर छातीठोक सांगायचे, "मीटर कशाला? दाराला कळतंय की!" नव्या पोरांनाही त्यांनी हेच शिकवलं होतं.

यंदा लालसाबनी हार जरा जास्तच भरगच्च केला. एक माळ चौकटीवरून घसरून बटणावर घट्ट बसली आणि बटण दाबलेलंच राहिलं. दसरा झाला, काम सुरू झालं. अमृतकाकांनी नेहमीसारखं सरळ दार ओढलं, आत गेले, नळीच्या तोंडाशी लावलेला धातूचा तुकडा उजव्या हाताने सोडवला, दुसरा बसवला. उजेड नाही, चटका नाही, काही नाही. बाहेर येऊन बघतात तर टेबलावरचा, मशीन चालू असल्याचा लाल दिवा जळतोय.

"लाल्या, हे बंद कसं न्हाय झालं रं?"

लालसाबनी चौकटीकडे पाहिलं, बटणावरची माळ पाहिली आणि धावत जाऊन टेबलावरून मशीन बंद केली.

त्यांनी त्याच दुपारी साहेबांना सगळं सांगून टाकलं. मशीनला सील लागलं. अमृतकाकांना दवाखान्यात नेलं, तर हात ठणठणीत! नाजनीन शाळेतून थेट तिकडे पळाली. काकांनी तिच्यासमोर पंजा नाचवला. "बघ नाजू, हाय तसा हाय की! आन तुझा बा बघ, पोरावानी रडतोय."

ती खळखळून हसली. अब्बा हसले नाहीत.

आठवडा उलटला आणि बोटं लाल झाली. मग फोड आले, मग कातडी काळवंडली. काका रात्ररात्र विव्हळू लागले. नाजनीन रोज डॉक्टरांना गाठायची, "बोटं राहतील ना?" डॉक्टर म्हणायचे, "बघू." दिवसेंदिवस तो 'बघू' बारीक होत गेला.

काकांची बायको, वैजयंतीकाकू, डबा घेऊन यायची. लालसाबांशी ती बोलेनाशी झाली होती. एक दिवस मात्र डबा उघडता उघडता म्हणाली, "भावजी, चार फुलं कमी घातली असती तर काय बिघडलं असतं हो?"

आवाज चढला नव्हता. अब्बांची मान अशी खाली गेली, की नाजनीनला वाटलं, शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गप गं," काका कण्हत म्हणाले. "माळ त्यानं लावली, पर दाराच्या भरवशावर आत कोण गेलं? मीच न्हवं का? आन पोरांना बी तेच शिकवून बसलो."



शेवटी अंगठ्याशेजारची दोन बोटं काढावी लागली.

घरी सोडायच्या दिवशी वैजयंतीकाकू औषधं आणायला खाली गेली होती. काका कॉटवर बसून डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत होते. एक लागेना. पुन्हा, पुन्हा, मग हात मांडीवर पडला. दाराशी उभे असलेले अब्बा पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि एकेक बटण लावू लागले. पण वरचं बटण खालच्या काजात गेलं आणि सदरा एका बाजूने वर चढला.

नाजनीनला ते दिसलं. काकांनाही दिसलं असणार. त्यांनी बँडेजचा हात हळूच अब्बांच्या खांद्यावर टेकवला आणि तसाच वाकडा सदरा घालून ते उठले.