स्टेपनीनं उगवलेला सूड

मी एक जुनी स्टेपनी आहे. मित्रांनो, उंच, दणकट गाडीच्या मागच्या दारावर एक जास्तीचं चाक टांगलेलं असतं ना, तीच मी. चौघी जमिनीवर धावतात. त्यांतली एखादी दगा देईल त्या वेळी कामी यावी, म्हणून पाचवी पाठीवर लटकत राहते. माझी कहाणी गोड नाही. मी एका माणसावर सूड उगवला, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही पाचजणी एकाच कारखान्यात, एकाच तापलेल्या साच्यातून बाहेर पडलो. अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते आणि वास असा नवा, की आमचं आम्हालाच कौतुक वाटावं. आमची पहिली मालकीण म्हणजे ताई. ती जनावरांची डॉक्टर. कुणाची गाय अडली, कुणाची घोडी लंगडली, की ताई निघालीच. चिखल, खडी, ओढ्याचं पाणी, काही काही म्हणून आम्ही सोडलं नाही.

पण ताईचा एक नेम होता. सकाळी, गाडी जागची हलायच्या आत, चाकं थंड असतानाच ती हवा मोजायची. धावून तापलेलं चाक खोटं बोलतं, असं ती म्हणे. मग बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा बुडवून बघायची. कूलंटची टाकी बघायची. गाडीच्या पोटाखालचा चिखल पाण्यानं सोडवायची. आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडं येऊन, अंगठ्यानं मला दाबून गुणगुणायची,

*चौघीजणी गं धावती, पाचवी ती पाठराखी,*
*हवा घालते तिलाही, उपाशी का तीच बाकी?*

नुसतं गाणं नव्हतं ते. काही महिन्यांनी ती आम्हा पाचहीजणींच्या जागा बदलायची. पुढची मागं, मागची पाठीवर, पाठीवरची जमिनीवर. त्यामुळं मीही धावले, मीही झिजले. माझ्या अंगाला खडीचे वण आहेत, आणि मी ते दागिन्यासारखे मिरवते.

पुढं ताईचे गुडघे थकले. तिनं गाडी धाकट्या भावाला वापरायला दिली. "राजा, चालव हवी तेवढी," ती म्हणाली. "पण नावावर इतक्यात करणार नाही. जिवंत ठेवलीस, तर करीन."

गाडी दिली त्या दिवशी पाठीवर टांगून घ्यायची पाळी माझी होती. ती पाळी मग संपलीच नाही.

राजाचं पडद्यांचं दुकान होतं. झाकण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. रविवार आला की गाडीला शॅम्पू, वर मेण, काचांना चकाकी, चाकांना काळं पॉलिश, आत अत्तर. माझ्यासाठी त्यानं खास कव्हर शिवून आणलं, त्यावर डरकाळी फोडणारा वाघ. गल्लीतल्या सगळ्यांनी वाघाचं कौतुक केलं. वाघाच्या आत पाणी साचत होतं, माझे नट गंजत होते, हे पाहायला वाघ उचलावा लागला असता.

बॉनेट तर त्यानं एकदाही उघडलं नाही. आतलं ऑइल काळं, चिकट होत गेलं. एअर फिल्टरात धूळ अशी बसली, की चढ आला की इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. ब्रेक किंचाळू लागले, तर त्यानं गाणी मोठी केली. गाण्यांसाठी मोठा स्पीकर हवा, म्हणून मागच्या कप्प्यातला जॅक आणि पाना काढून माळ्यावर टाकले. मग एक दिवस समोर पिवळा दिवा लागला.

"अहो, तो दिवा लागलाय," त्याची बायको म्हणाली. तिला सगळे वहिनी म्हणत. नवऱ्याशेजारी बसून ती नुकतीच गाडी शिकत होती.

"लागू दे गं. सजावटीचा असेल."

"सजावटीच्या दिव्यावर इंजिनाचं चित्र कशाला असेल?"

दुसऱ्या दिवशी त्यानं दिव्यावर एक हसऱ्या तोंडाचं स्टिकर चिकटवलं.

हे सगळं मी सोसलं असतं. निर्जीवाच्या नशिबी सोसणं असतंच. पण एकदा शेजाऱ्यांनी सहज विचारलं, "स्टेपनीत हवा आहे ना रे?" तेव्हा राजानं वाघाच्या गालावर चापट मारली आणि म्हणाला, "हिला काय धाड भरलीय? फुकट खाते आणि पाठीवर बसून गाव फिरते!"

सगळे खो खो हसले.

फुकट खाते? जिला तू वर्षानुवर्षं घासभर हवा दिली नाहीस, ती? मित्रांनो, त्या क्षणी मी सूड घ्यायचं ठरवलं. पण चाकानं सूड घ्यायचा कसा? मला हात नाहीत, दात नाहीत, वाघ होता तोही कापडाचा. माझ्याजवळ होती ती फक्त ताईनं भरलेली जुनी हवा. ती मी सोडू लागले. थोडी आज, थोडी उद्या. तो मेण चोळत असायचा आणि मी त्याच्या नाकासमोर रिकामी होत असायचे.

*चोळ चोळ रे अंगाला, चकाकी दे वरवर,*
*पोटी धरून बैसले मीही तुझी एक खबर.*

अखेर तो दिवस उगवला. ताई आली आणि म्हणाली, "राजा, चल, घाटावर माझ्या मैत्रिणीकडं जाऊन येऊ. गाडी ठीक वाटली तर आज नावावर करून टाकते. किती दिवस लटकत ठेवायचं तुला?"

लटकत! तो हसला. मीही हसले, माझ्या पद्धतीनं.

राजानं पांढरीशुभ्र पँट घातली. ताई पुढं बसली, वहिनी मागं. अर्ध्या घाटात, वळणावर, मागच्या डाव्या बहिणीनं प्राण सोडला. बिचारी कडेनं झिजून कागद झाली होती. फट्ट!

राजानं गाडी कडेला घेतली. "ताई, तू उतरू नकोस. पाच मिनिटांचं काम." त्यानं ऐटीत वाघ ओढला. आत साचलेलं गंजाचं पाणी सगळं पांढऱ्या पँटीवर आलं.

"पाना कुठाय?" तो ओरडला.

"जिथं आता स्पीकर आहे, तिथं होता," वहिनी म्हणाली.

घाट उतरणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं पाना दिला, जॅक दिला. गंजलेल्या नटांशी झटून राजा घामाघूम झाला आणि शेवटी त्यानं मला खाली सोडलं. चाक पडतं तेव्हा उसळी मारतं ना? मी उसळले नाही. भद्दकन पडले आणि तशीच पसरले.

"साहेब," टेम्पोवाला म्हणाला, "ही स्टेपनी आहे की पायपुसणं?"

मी राजाचा चेहरा बघत होते. त्यावरची सगळी चकाकी उतरली होती. या एका क्षणासाठी मी झुरले होते, आणि तो क्षण मी चवीनं खाल्ला.

ताई गुडघे धरत उतरली. बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी ओढून तिनं राजाच्याच पिवळ्या पॉलिशच्या फडक्यानं पुसली. फडकं काळं झालं. कूलंटच्या टाकीत डोकावली. मग आत वाकून ते हसरं तोंड बघितलं, नखानं खरवडून काढलं. खाली दिवा पेटलेलाच होता.

"पण ताई, रंग तर बघ," राजा पुटपुटला. "एक ओरखडा नाही."

"राजा, माझ्याकडं अशी जनावरं यायची. गळ्यात नवी घंटा, अंगाला तेल, आणि पोट खपाटीला गेलेलं. त्यांचे मालकही हेच म्हणायचे, डॉक्टरीणबाई, चकाकी तर बघा."

राजानं मान खाली घातली. "मग गाडी?"

"गाडी वहिनीच्या नावावर करते."

"माझ्या?" वहिनी दचकली. "ताई, अहो, मला अजून घाटात चालवता येत नाही!"

"येईल. तुला दिवा दिसला होता. यानं तो झाकला."

"आणि हे?"

"हा बसेल की मागं."

टेम्पोवाला इतका हसला, की त्याला गाडीला टेकावं लागलं. राजाचं तोंड रडवेलं झालं, आणि मी, मित्रांनो, मनातल्या मनात नाचले.

तेवढ्यात वहिनी माझ्याजवळ वाकली. "ताई, हिच्यात हवा भरली तर चालेल ना?"

ताईनं माझ्या कडेवरून बोट फिरवलं. ते बोट भेगांमध्ये अडकत गेलं. "नाही गं. हवा धरेल ती, पण उतारावर फुटली तर माणसं जातील. रिकामी लटकून लटकून चिरून गेलीय. हिचं आयुष्य झालं." मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चांगली होती."

होती! माझ्या सुडाची ही बाजू मला कुणी सांगितली नव्हती. पण खरं सांगते, तरीही मी पस्तावले नाही. मरायचंच होतं, तर त्याच्या डोळ्यांदेखत मेले. नवे टायर आणायला खाली जायचं, म्हणून टेम्पोवाल्यानं पंक्चर झालेल्या बहिणीला आणि मला मागं टाकलं. ताई आणि वहिनी पुढं बसल्या, त्यामुळं राजालाही मागंच बसावं लागलं. पोत्यांमध्ये दुसरी जागा नव्हती, म्हणून तो घाट उतरेपर्यंत माझ्यावरच बसला होता.

आता मी टायरच्या दुकानामागच्या ढिगात पडलेली असते. इथं माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. नवी कुणी येऊन पडली की आम्ही तिला एवढंच विचारतो, "तुझा राजा कोण गं?" प्रत्येकीला एक असतोच.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी गाडी असेल, तर उद्या सकाळी ती हलायच्या आत मोठ्यांचा हात धरून त्यांना खाली न्या. पाचही चाकांची हवा मोजायला लावा. बॉनेट उघडायला लावा. पाना आणि जॅक जागेवर आहेत का ते विचारा. दिवा लागला तर झाकू देऊ नका. मायेनं करा, असा माझा आग्रह नाही. भीतीनं केलंत तरी चालेल. कारण तुमच्या गाडीच्या पाठीवरही आत्ता एकजण लटकलेली आहे. ती गप्प आहे, आणि हळूहळू काय सोडते आहे, ते तुम्हाला ऐकू येत नाही.