पहिल्या तोड्याची भेदरं

माणदेश सोडून पिंपरीला येताना अंबूबाईनं पदराच्या गाठीत भेदराचं बी बांधून आणलं होतं. भेदरं म्हणजे टोमॅटोच, पण बोराएवढी, आंबटढाण, आणि झाड असलं चिवट की विचारू नका. इथं नवा कारखाना उभा राहिला होता. तिचा नवरा रंगराव त्याच्या स्टोअरात हंगामी म्हणून लागला होता आणि राहायची पत्र्याची खोलीही कारखान्याचीच होती. नोकरी गेली की खोली गेली, हे दोघांनाही झोपेतसुद्धा ठाऊक होतं.

खोलीच्या मागं, न्हाणीच्या सांडपाण्यावर, अंबूबाईनं भेदरं लावली. एक रोप शेजारच्या झुलेखालाही दिलं. झुलेखा चाकणची, तिचा नवरा रहिमान कारखान्याचे ट्रक दुरुस्त करायचा. त्यांना एकुलती एक पोर, चार वर्षांची जैबू. ही जैबू दिवसभर अंबूबाईच्या मागं मागं. अंबूबाईला मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिनं त्या पोरीला किती लाडावलं असेल ते तुम्हीच समजा.

झाडं फोफावली, फळं धरली, आणि मेला मावा पडला, पानोपानी बारीक कीड. अंबूबाई रोज सकाळी डालड्याच्या डब्यातून चुलीतली राख घ्यायची आणि पानांवर, फळांवर उधळायची. माहेरी असंच करत. मावा काही हटेना. मग ती रोज संध्याकाळी नवऱ्यापाशी कुरकुर करायची. रंगराव ऐकून घ्यायचा आणि गप जेवायचा.

आणि एका सकाळी बघते तर मावा साफ! पानं कशी टवटवीत, आणि एका घोसातली फळं लालबुंद. अंबूबाईला हर्ष झाला. राखेलाच गुण आला म्हणत तिनं आणखी दोन मुठी उधळल्या आणि जैबूला हाक मारली.

तिच्या माहेरची रीत अशी, की पहिला तोडा घरच्यांनी खायचा नाही. शेजारच्या लेकराला द्यायचा, आणि तोही झाडावरून थेट ओंजळीत. मधे ना सूप, ना ताट. पाणी तर लावायचंच नाही, पाणी लागलं की बरकत जाते. रीत म्हणजे रीत. अंबूबाईनं अख्खा घोस जैबूच्या ओंजळीत ठेवला. पोरीनं एकेक फळ तोंडात टाकलं, डोळे मिचकावले आणि शेवटी राखेनं माखलेली बोटंसुद्धा चाटून घेतली. अंबूबाई हसून हसून बेजार.

दुपारी जैबू ओकली. ओठांवर मुंग्या चालतात म्हणून रडायला लागली. रहिमान ट्रक घेऊन मुंबईला गेलेला. झुलेखानं पोरीला कारखान्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टर बाहेर गेलेले. कंपाउंडर म्हणाला, अजीर्ण झालंय, एरंडेल द्या, कोठा साफ झाला की खेळायला लागेल. झुलेखा एरंडेल मागायला अंबूबाईकडेच आली. अंबूबाईनं फडताळातली बाटली काढून दिली. वर शहाणपणानं सांगितलं, की पोरगी तसं घेणार नाही, चहातून पाज.

झुलेखा गेली आणि शिफ्ट सुटून रंगराव दारात आला. अंबूबाईनं त्याला सगळं सांगितलं. पहिला तोडा जैबूला दिला, तिनं भेदरं कशी आवडीनं खाल्ली, आणि आता बघा बिचारीला कुणाची नजर लागली.

रंगराव चपला काढता काढता थांबला.

"धुऊन दिलीस नव्हं?"

"पहिला तोडा कुणी धुतं का?"

तो मटकन उंबऱ्यावरच बसला. काय झालं, काय झालं म्हणून तिनं त्याचा दंड हलवला, तेव्हा कुठं तो बोलला. परवा त्यानं स्टोअरातून पावडर आणली होती, डासांच्या फवारणीसाठी ठेवलेली, आणि तिच्या राखेच्या डब्यात मिसळून टाकली होती. मावा जाईल, बायकोची कटकट थांबेल, एवढाच त्याचा विचार. तिला सांगितलं नाही, कारण ती बोलघेवडी. नळावर चारचौघींत बोलली असती आणि चोरी उघडी पडली असती.

अंबूबाईच्या आता ध्यानात आलं. मावा राखेनं गेला नव्हता तर. आणि तिनं सकाळी आणखी दोन मुठी उधळल्या होत्या, आपल्या हातांनी.

"गप ऱ्हा," रंगराव दबक्या आवाजात म्हणाला. "पोरगी ओकली, म्हंजे इख भाईर पडलं. बोललीस तर उद्या आपण रस्त्यावर. तेलतूप पोटात गेलं न्हाई म्हंजे झालं. तेलानं ती पावडर अंगात भिनती, साहेबानं सांगितलंया आमाला."

भिंतीपलीकडून झुलेखाचा आवाज येत होता. ती जैबूला चुचकारत होती, एकच घोट घे, माझी राणी, एकच घोट.

"म्या आत्ताच एरंडेल दिलंय," अंबूबाई म्हणाली आणि उठून पळाली.

जैबू आईच्या मांडीवर होती. पोरीचे हात थरथरत होते आणि कप तिच्या ओठांना लागला होता. अंबूबाईनं फटकन कप उडवला. गरम चहा झुलेखाच्या हातावर सांडला.

"आक्का! खूळ लागलं का तुला?"

"पाजू नगं. भेदरांवर इख हुतं, झुलेखा. आमच्या घरातलं इख. म्याच दिली तिला."

झुलेखाचा चेहरा असा झाला की अंबूबाईला तो पुढं जन्मभर विसरता आला नाही. पोरीला उचलून ती धावत सुटली आणि अंबूबाई तिच्या मागून.

डॉक्टर नुकतेच आले होते. कंपाउंडरनं काय सांगितलं होतं ते कळताच, एरंडेल पोटात गेलं का, असं त्यांनी आधी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला. मग म्हणाले, विष कसलं होतं, पावडरीचं नाव काय, नाव कळल्याशिवाय औषध कसं देऊ. अंबूबाईला नाव कुठलं माहीत! ती सांगत राहिली, पांढरी असती, डासांची असती. कंपाउंडर आणि औषधाला आलेला स्टोअरचा कारकून तोंडाकडे बघत उभे. पोरीचे पाय ताठ व्हायला लागले होते. अंबूबाई तोंडातल्या तोंडात नवऱ्याला शिव्या घालत होती आणि त्याच तोंडानं खंडोबाला आळवत होती.

तेवढ्यात दारात रंगराव आला. अनवाणी, धापा टाकत. हातात पावडरीचा स्टोअरातला डबा, कारखान्याचा शिक्का असलेला. कारकुनाकडे न बघता त्यानं तो डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

"ही हाय ती. चोरून मीच न्हेली हुती."

डॉक्टरांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि ते कामाला लागले. नळी घालून पोट धुतलं, इंजेक्शन दिलं. दिवेलागणीपर्यंत जैबूचा थरकाप थांबला आणि ती आईच्या खांद्यावर झोपली. झुलेखा पोरीला घेऊन अंबूबाईच्या अंगावरून तशीच निघून गेली.

पुढचं सांगायला नको. रंगरावचं नाव कटलं आणि खोली सोडायचा हुकूम झाला. अंबूबाईनं सगळी झाडं मुळासकट उपटून खड्ड्यात पुरली आणि जवळचं उरलेलं बीही त्यातच टाकलं. तिला त्या बियाची भीतीच बसली होती. मोशीला नदीकाठच्या एका मळ्यात दोघांना काम मिळालं. निघायच्या सकाळी गाडीत भांडीकुंडी भरली, तरी शेजारचं दार बंदच. अंबूबाईनं त्या दाराकडे बघायचं टाळलं. कुठल्या तोंडानं बघणार?

गाडी हलणार तोच जैबू पळत आली. तिच्या मुठीत एकच भेदर होतं, लाल. झुलेखाला दिलेलं ते रोप सावलीत होतं, त्याला राख कधी लागली नव्हती, फळही उशिरानं धरलं होतं.

"पयला तोडा," जैबू म्हणाली. "हात कर."

अंबूबाईनं ओंजळ पुढं केली. फळ ओंजळीत पडलं. दार आता उघडं होतं आणि झुलेखा तिथं उभी राहून बघत होती. अंबूबाईनं ते भेदर पदराला पुसलंसुद्धा नाही. तसंच तोंडात टाकलं. आंबट रस जिभेवर आला आणि डोळ्यांतून पाण्याची धार लागली. बी मात्र तिनं गिळलं नाही. जिभेनं गोळा करून पदरात घेतलं आणि गाठ मारली.

झुलेखा गाडीपाशी आली. तिच्या मनगटावर चहानं भाजल्याचा डाग होता.

"मोशीतबी लाव, आक्का," ती म्हणाली. "पयला तोडा शेजारच्या लेकराला दे. फकस्त धुऊन दे."