कार्डांची इर्जिक

सोपानदादाची भौतिकशास्त्रातली पीएच.डी. झाली तेव्हा आईला वाटलं, सुटलो एकदाचे. पण त्यानंतरही विद्यापीठात संशोधकाची जागा शोधावी लागते, आणि मिळाली तरी ती वर्षभरापुरतीच, हे कळल्यावर तिने कपाळावर हात मारला. "येवढं शिकून परत शिकायचंच व्हय?" दोन वर्षं दादा अर्ज धाडत होता आणि नकार गोळा करत होता. माझा भाऊ हुशार, पण स्वतःबद्दल चार शब्द बोलायची वेळ आली की त्याची दातखीळ बसते.

शेवटी पुण्याहून बोलावणं आलं. तिथे विद्यापीठात कॉम्प्युटर आला होता. अट एकच, तुमचा प्रोग्रॅम आमच्या यंत्रावर चालवून दाखवा. प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. प्रत्येक कार्डावर क्रमांक. क्रम चुकला की सगळी मेहनत पाण्यात.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी दादा मुंबईहून कार्डांची पेटी घेऊन कुसगावला घरी आला. बैलगाडीतून उतरताना पाय अडकला आणि पेटी अंगणात उपडी झाली. शेकडो कार्डं धुळीत. दादा तिथेच बसला.

"नंदे, संपलं समदं. उद्या सकाळी मुलाखत हाय."

शेजारच्या खळ्यावर अंबाजी आबांची मळणी चालली होती. ते आले, एक कार्ड उचलून बघितलं. "वर आकडं हायेत न्हवं? मग इर्जिक घालू."

इर्जिक म्हणजे ज्याचं काम अडलं त्याच्याकडे सगळ्यांनी राबायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. आणि पुढे त्यानेही त्यांच्याकडे राबायला जायचं. आबांनी मळणीचे बैल सोडले आणि गावाला हाक दिली. आकडे वाचता येणारे ओसरीवर बसून ढीग लावू लागले, बाकीचे वारा अडवायला घोंगड्या धरून उभे राहिले. दिवस मावळायच्या आत गठ्ठा लागला. आईने सगळ्यांना पिठलं-भाकरी वाढली.

पेटी सांभाळायला मीही पुण्याला गेले. यंत्र काही चालेना. दादाने गठ्ठा उलगडला, तर पहिलं कार्डच नाही. तो रिकामी पेटी धुंडाळू लागला. मला मात्र लगेच उमगलं. राशीतला पहिला वाटा देवाचा असतो. आईने पहिलं कार्ड देव्हाऱ्यात ठेवलं असणार. मी दादाच्या कानात सांगितलं.

"पहिलं कार्ड कुठे गेलं?" विभागप्रमुखांनी विचारलं.

मला वाटलं, हा आता गाडीत हरवलं म्हणून सांगणार. "देवापुढे आहे, सर," दादा म्हणाला, आणि त्याने कालची सगळी हकिगत सांगितली. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

साहेब हसले नाहीत. "नवं पाडून घ्या," एवढंच म्हणाले. ते कार्ड दादाला तोंडपाठ होतं. मग यंत्र घरघरलं आणि आकड्यांनी भरलेला लांबलचक कागद बाहेर आला. गावाने लावलेलं एकही कार्ड जागा चुकलं नव्हतं.

साहेबांनी कागद वाचून खाली ठेवला. "रीतसर पत्र येईलच. पण कामं तुंबलीत. उद्यापासून याल?"

दोन वर्षं या एका वाक्यासाठी आम्ही झुरत होतो. आणि माझा भाऊ म्हणाला, "उद्या नाही जमणार, सर. काल माझ्यासाठी आबांची मळणी अर्धी राहिली. उद्या मला त्यांच्या खळ्यावर जायला हवं."

मला त्याला करकचून चिमटा काढावासा वाटला. अभिमानही वाटत होता, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

साहेबांनी समोरच्या वहीत लिहिलेली उद्याची तारीख खोडून परवाची लिहिली. "मळणी उरकून या," ते म्हणाले.