भिंतीला कान लावलेला पुतळा

“इथं कुशीवर वळायचं म्हटलं तरी परवानगी काढावीशी वाटते,” वरच्या पलंगावरची मुलगी पुटपुटली. “दार वाजत नाही, नळ वाजत नाही. काल मला शिंक आली, तर मी ती गिळली. शपथ!”

खालच्या पलंगाची चादर बदलायला हॉस्टेलची मालकीण रेमे वाकली होती. तिनं ऐकलं, आणि कुणी गालावरून हात फिरवावा तशी ती सुखावली. कुरकुर कसली, हे तर प्रशस्तिपत्रक. दोन वर्षं तिनं या हॉस्टेलचा एकेक आवाज उवा माराव्यात तसा वेचून मारला होता. बिजागऱ्यांना तेल, खुर्च्यांच्या पायांना बनातीचे तुकडे, स्वयंपाकघरात लाकडी चमचे. जिन्यातलं घड्याळसुद्धा तिनं बंद पाडलं. वेळ काय, लोक मोबाईलवर बघतात.

हे सगळं एका माणसासाठी. त्याचं नाव वाउटर. हॉलंडचा. हा गृहस्थ युरोपभर हिंडून शांत आणि स्वस्त हॉस्टेलांची यादी करायचा. पाठीवर पिशवी टाकून फिरणारी, खिशानं हलकी आणि झोपेची भुकेली माणसं त्याची यादी बघून गावोगावचे मुक्काम ठरवायची. दोन वर्षांपूर्वी तो स्पेनमधल्या वालेन्सियात रेमेकडे राहून गेला आणि त्यानं लिहिलं: ‘स्वच्छ आहे, स्वस्त आहे, शांत नाही. भिंतीपलीकडे रात्रभर कुणीतरी कण्हतं.’

भिंतीपलीकडे रेमेची आई होती. फिलोमेना. हाडांच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळलेली. गल्लीकडची मोठी खोली खरी तिची. पण तिथं पाहुण्यांचे चार पलंग मावत होते, म्हणून आईला आत, चादरी ठेवायच्या खोलीत हलवलं होतं. आईच्याच संमतीनं, असं रेमे सांगायची. वाउटर गेल्यावर आई काही फार दिवस राहिली नाही. मागे राहिल्या त्या दोन ओळी, आणि रिकामे पलंग.

“माझी आई मरत होती,” रेमे गल्लीत ज्याला त्याला सांगे, “आणि या मेल्याची झोपमोड झाली!” ऐकणारे मान डोलावत. खालची तोनिका, भोपळ्याचे गोड वडे, बुन्युएलो, तळून विकणारी, फक्त घमेल्यातलं पीठ अधिक जोरात फेटू लागे. मग कुणीतरी हवापाण्याचं बोले.

डूख धरलेली बाई घाई करत नाही. रेमेनं वाट पाहिली. वाउटर नवी यादी करतोय असं कळताच तिनं त्याला साखरेत घोळलेलं पत्र पाठवलं: आमच्याकडे आता फार बदल झालाय, एकवार येऊन बघाच, मार्चच्या मध्यावर या, पलंग तुमच्यासाठी राखून ठेवते. त्यानं उलट विचारलं, ‘त्या दिवसांत शांतता असते ना?’ तिनं कळवलं, ‘आमच्याकडे दरवर्षी अगदी सारखीच असते.’

हे वाचून दाखवताना रेमे इतकी हसली की तोनिकाच्या दुकानातला बाक हलला. मार्चच्या मध्यावर वालेन्सियात फायासचा सण. चौकाचौकांत पुतळ्यांचे मनोरे, दिवसभर फटाक्यांचे बार, बाजे, धूर, आणि सकाळी आठ वाजता फटाके आपटत गल्ली उठवायची रीत. ज्याला झोप प्यारी तो वालेन्सियाकर त्या आठवड्यात मावशीच्या गावाला पळतो. आणि हा शांततेचा जाणकार तिकीट काढून येणार होता! एवढी चूक करायला परकाच माणूस लागतो.

पण नुसत्या फटाक्यांनी रेमेचं पोट भरणार नव्हतं. प्रत्येक गल्लीचं मंडळ आपापला मनोरा उभारतं, त्यावर गावातल्या एकेका नगाचे पुतळे बसवतं: लाचखाऊ नगरसेवक, खोटं वजन करणारा मासेवाला. खाली टवाळीचं कवन. चार दिवस गाव हसतं, मग सगळं पेटवून देतात. रेमे वाउटरचं छायाचित्र घेऊन पुतळे करणाऱ्या बातिस्तेकडे गेली.

“कान केवढे करू?” बातिस्तेनं विचारलं.

“सुपाएवढे.”

“आणि नाक?”

“ते आहे तसंच राहू दे. तिथं देवानंच थट्टा केलीय.”

थर्मोकोलची भिंत, तिला कान लावून बसलेला वाउटर, डोक्यावर झोपायची टोपी, हातात पेन. मंडळात नमुना दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. कवन रेमेनं स्वतः केलं होतं. आयुष्यात पहिलंच. उभी राहून तिनं वाचलं:

‘कान लावी भिंतीपाशी, चव घेई कण्हण्याची;
मरणाऱ्यांनो, हळू मरा, वेळ याच्या झोपण्याची!’

हशा झाला, पण तो वरवरचा. तोनिका तर हसलीच नाही. “दुसरी ओळ बदल गं,” ती बाहेर पडताना म्हणाली.

“का? झोंबते म्हणून? झोंबायलाच लिहिलीय.”

“कुणाला झोंबेल, सांगता येत नाही,” तोनिका म्हणाली आणि घरी निघून गेली. रेमेला वाटलं, हिला हेवा वाटतो. तळणीवर आयुष्य गेलेल्या बाईला कवन काय कळणार.

वाउटर आला तो पिशवीच्या ओझ्यानं वाकलेला, आणि तिनं कल्पिला होता त्यापेक्षा म्हातारा. शाळकरी स्पॅनिशमध्ये त्यानं दाराची कडी किती हळू लागते याचं कौतुक केलं, बनातीचे तुकडे वाकून पाहिले. “एवढे कष्ट मी कुठंच बघितले नाहीत,” तो म्हणाला. रेमेनं त्याला गल्लीच्या खिडकीलगतचा पलंग दिला. आईच्या जुन्या खोलीतला. बाकीच्या पाहुण्यांना तिनं कापसाचे बोळे वाटले होते. त्याला नाही.

सकाळी मंडळ आलं. बाजेवाल्यांना रेमेनं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, म्हणून ते तिच्या खिडकीखाली थांबले, आणि एक वाजवून झाल्यावर दुसरं सुरू केलं. फटाके दगडी फरशीवर असे आपटत होते की समोरच्या काचा थरथरल्या. धुरातून रेमेनं वर पाहिलं. वाउटर सज्जात आला होता, आखूड चड्डीवर, कानांवर हात दाबून, तोंड उघडं. तिच्या जिवाला असा गारवा कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता.

“सुप्रभात!” तिनं खालून ओरडून सांगितलं. “झोप झाली का?”

तो खाली तोनिकाच्या दुकानात आला. तोनिकानं त्याच्यापुढं दाट चॉकलेटचा पेला आणि गरम बुन्युएलो ठेवले. तो रागावेल, पैसे परत मागेल, निदान एखादी शिवी हासडेल, म्हणून रेमे कंबर कसून उभी होती. तो म्हणाला, “मला वाटलं, लढाई सुरू झाली.” मग एक बुन्युएलो खाल्ला. आणखी एक घेतला. “हे रोज होतं?”

“सण संपेपर्यंत.”

“तुम्ही पत्रात लिहिलं होतं...”

“दरवर्षी सारखीच असते, असं लिहिलं होतं. खोटं लिहिलंय का?”

तो चक्क हसला. रेमेच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचं उट्टं काढायचं तो रडला तर मजा. हा तर बोटं चाटत होता.

“चला,” ती म्हणाली, “तुम्हाला एक दाखवायचंय. तुमचाच मान केलाय आम्ही.”

चौकात मनोरा ऊन खात उभा होता. बातिस्ते शिडीवरून मासेवाल्याच्या मिशीला शेवटचा रंग देत होता. तोनिका हातात टोपली घेऊन मागोमाग आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. वाउटर आपल्या पुतळ्यासमोर उभा राहिला. आधी त्याला नाक ओळखीचं वाटलं, मग टोपीखालचं बाकीचं.

“हा मी?”

“दुसरा कोण? वाचून दाखवते.” आणि रेमेनं कवन वाचलं, आधी आपल्या वालेन्सियन भाषेत आणि मग सावकाश, एकेक शब्द फोडून, त्याला समजेल अशा स्पॅनिशमध्ये. ‘हळू मरा’ तिनं दोनदा सांगितलं. “भिंतीपलीकडे माझी आई होती, साहेब. ती मरत होती. तुम्ही तिच्या मरणाला दोन ओळींत नापास केलंत. आता एकोणीस तारखेला आम्ही तुम्हाला जाळणार. गावासमोर. थांबा आणि बघा.”

वाउटरचे कान लाल झाले. थर्मोकोलचे होते तसेच.

“मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “कुणी मरत होतं हे माहीत नव्हतं. मी वाईट लिहिलं. माफ करा.”

“माफी नकोय मला!” रेमे ओरडली. दोन वर्षं तिनं त्याची बाजू मनात घोळवली होती; तो उर्मट बोलेल, हिशेबी बोलेल, आणि आपण त्याला सालटं निघेपर्यंत सोलू. माफीची तयारी तिनं केलीच नव्हती. “माफी घेऊन मी काय करू? आई परत येणार आहे?”

“नाही. मी थांबेन. जाळा मला.” तो पुतळ्याला वळसा घालून भिंतीच्या मागं गेला. मागं काहीच नव्हतं, नुसता न रंगवलेला पांढरा थर्मोकोल. “पण हे अर्धंच केलंय तुम्ही.”

“म्हणजे?” शिडीवरून बातिस्तेनं विचारलं. कलाकाराला कुणी अर्धं म्हटलेलं खपत नाही.

“इथं दोघी होत्या. मी तीन रात्री ऐकलं.” वाउटर शब्द शोधत शोधत बोलत होता. “एक आवाज द्यायची. आणि एक तिला गप्प करायची. श्श, श्श. कधी रागानं. मग पहिलीच्या तोंडावर काहीतरी असल्यासारखा आवाज यायचा, कापडातून यावा तसा. मला वाटलं, पगारी नर्स असेल. वाईट बाई. तिच्याबद्दल लिहिणार होतो, मग वाटलं, गरिबाची नोकरी जाईल. म्हणून फक्त कण्हण्याचं लिहिलं. वाटलं, घरचं कुणीतरी वाचेल आणि त्या आजीकडे बघेल.” त्यानं रेमेकडे पाहिलं. “कोण होती ती? नर्स?”

कुठंतरी दुसऱ्या गल्लीत बार उडाला. बातिस्ते शिडीवरून उतरला आणि कुंचला पुसायला लागला. स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिला.

“हो,” रेमे म्हणाली. “नर्सच. दुसरी कोण असणार? मी काढून टाकली तिला.”

“चांगलं केलंत,” वाउटर म्हणाला.

“विचारा हवं तर यांना,” रेमेचा आवाज चढला. “बातिस्ते, सांग की! आठवत नाही ती नर्स? जाड्या पायांची? तोनिका, तू तर रोज बघायचीस तिला!”

बातिस्तेनं मान वर केली नाही. तोनिकानं टोपली जमिनीवर ठेवली आणि पदराला पुसावेत तसे एप्रनला हात पुसले. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आणि चादरींच्या खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या एकाच अरुंद चौकात उघडत होत्या. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

“नर्स कुठली, रेमे,” ती म्हणाली. अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं. “आणि फिलोमेना कण्हत नव्हती गं. ती तुला हाका मारत होती. तू म्हणायचीस, आई, गप्प बस, पैसे दिलेली माणसं झोपलीत. शेवटी शेवटी ती उशीचं टोक दातांत धरून पडायची, तुझं नुकसान नको म्हणून. आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं, रेमे. आम्ही खिडक्या लावून घ्यायचो.”