आत्याबाई यंदा कुणाकडे?

जमीन वाटली तेव्हा दोन गोष्टी सामाईक राहिल्या. एक विहीर आणि दुसऱ्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. विहिरीचं पाणी दोघे भाऊ, आमचे हे आणि नरसिंग भावजी, दिवस वाटून घेतात, आत्याबाईंना महिने वाटून. मृगापासून येळवशीपर्यंत त्या आमच्याकडे नांदेडला. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, आम्ही सगळे चाकूरच्या शेतात जमतो, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतो, आंबील पितो, आणि जेवणं उरकली की आत्याबाईंची पिशवी आमच्या गाडीतून निघून नरसिंग भावजींच्या गाडीत जाते. पुढचे सहा महिने लातूर.

सासू दुसरीकडे निघाली की सुना मनातल्या मनात नारळ फोडतात म्हणे. माझं उलटं आहे. माझी आई मी सातवीत असताना गेली. लग्न होऊन आले तेव्हा आत्याबाईंनी पहिल्याच शनिवारी मला पुढ्यात बसवून डोक्याला तेल लावलं आणि म्हणाल्या, "उज्वले, केस हायेत का कडबा?" तेव्हापासून मी त्यांची झाले. त्या माझ्या झाल्या का, हे मात्र अजून मला नक्की माहीत नाही. कारण माझ्या घरात बसून त्या रेणुकाचं कौतुक करतात.

रेणुका माझी धाकटी जाऊ. लातूरला सरकारी कचेरीत नोकरी, आवाज खणखणीत, आणि वर नाटकात कामं करते. "रेणुका चहात गवती चहा टाकती." "रेणुका मला नेटवर कीर्तन लावून देती." ज्या गावात उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळाला पाणी येत नाही, त्या गावात ही बाई ऐन उन्हाळ्यात जाते आणि वर तिथलंच गुणगान. गोदावरीचं पाणी पिऊन लातूरच्या टँकरचं कौतुक ऐकायचं, हे माझं नशीब.

यंदा त्यात भर पडली. हौशी नाट्यस्पर्धेत रेणुकाच्या मंडळाचा प्रयोग नांदेडला आला, मंगळवारी. आणि शुक्रवारी येळवस.

रविवारपासून माझ्या पायाला भिंगरी. आत्याबाईंच्या चष्म्याची काडी दुरुस्त करायला वजिराबादच्या बाजारात. त्यांच्या चोळ्या आणायला इतवाऱ्यात, कारण जुन्या पद्धतीची चोळी शिवणारा आता तिथला तो एकच म्हातारा उरलाय आणि तो एका खेपेत कधी देत नाही. सहा महिन्यांच्या गोळ्या. वाकळेला नवा पदर. येळवशीच्या भज्जीसाठी, म्हणजे मिसळीच्या भाजीसाठी, तुरीच्या शेंगा, वाटाणा, ओला हरभरा. त्यात रविवारी संध्याकाळी रेणुकाचा फोन.

"अक्का, सेटचा टेंपो भरला, पण घरातल्या वस्तू राहिल्याच बगा. तुमच्याकडचा पितळी तांब्या, एक सूप आणि स्टूल द्याल का? जुनं दिसायला पाहिजे."

"माझ्या घरात सगळं जुनंच आहे," मी म्हणाले. "मलाच घेऊन जा की."

ती खळखळून हसली. मला हसू आलं नाही.

सोमवारी मी तांब्या चिंचेनं घासून लख्ख केला. तो न्यायला आलेला रेणुकाच्या मंडळातला मुलगा म्हणाला, "काकू, एवढा चकचकीत नको होता. घर गरीब आहे नाटकातलं." म्हणजे तिथेही माझं चुकलं.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही प्रेक्षागृहात गेलो. मी, आमचे हे आणि आत्याबाई. आत्याबाईंनी लग्नाकार्याचं लुगडं नेसलेलं. तमाशा, भारुड त्यांनी लहानपणी पाहिलंय, पण असं खुर्चीवर बसून, अंधारात, गुपचूप बघायचं नाटक पहिल्यांदाच. दारातच एका ओळखीच्या बाईंनी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या सुनंचं नाटक हाय." मी शेजारीच उभी होते. सून म्हटल्यावर बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "ही न्हवं. धाकटी."

नाटकाचं नाव लांबलचक होतं, लक्षात राहिलं नाही. गोष्ट साधी होती. एक म्हातारी मुलाकडे राहायला येते आणि सून तिला जेवायला-खायला घालत नाही. सून म्हणजे रेणुका.

आता खरं सांगते. पडदा उघडताना मी देवाजवळ एवढंच मागितलं होतं, की हिनं एखादं वाक्य तरी विसरावं. पण ती बया अशी काही उभी राहिली की मीच मला विसरले. म्हातारीनं पाणी मागितलं. रेणुका आत गेली, तांब्या घेऊन आली आणि स्टुलावर असा आदळला की पाणी उडून म्हातारीच्या मांडीवर पडलं. मग म्हातारीकडे न बघता ती भिंतीला म्हणाली, "लोकांना घडी-घडीला तहान लागते. इथं आम्हाला मरायला सवड नाही."

पुढच्या रांगेतली बाई म्हणाली, "काय कैदाशीण आहे गं!"

माझ्या अंगावर मात्र काटा आला. कारण ते वाक्य माझं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आत्याबाई आजारी होत्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, माझी कंबर धरलेली. तेव्हा स्वयंपाकघरात मी हे भिंतीला म्हणाले होते. तांब्याही तसाच आदळला होता. रेणुका तिथंच करंज्या भरत बसली होती. करंज्या भरता भरता तिनं मला भरून घेतलं म्हणायचं. मान झटकून पदर खोचणं माझं. खाली सांडलेलं पाणी पायानं फडकं ओढून पुसणं माझं.  एकीकडे शरम, आणि दुसरीकडे, लिहायला लाज वाटते, हेवा. माझ्याच रागावर लोक तिला टाळ्या देत होते.

आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला होता. शेवटी सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्या बसूनच राहिल्या.

रेणुका रंग न पुसताच धावत आली आणि पाया पडायला वाकली. आत्याबाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले. म्हणाल्या, "राहू दे. रंग लागंल." रेणुकाला ते थट्टेचं वाटलं. ती हसत मंडळाच्या गाडीत बसून लातूरला गेली.

बुधवारी सकाळी मी पिशवी भरायला घेतली तर आत्याबाई म्हणाल्या, "चोळ्या काढ त्यातल्या. मी लातूरला जायची न्हाई."

"का वो?"

"त्या म्हातारीला शिळं घालती ती. पाणी सुदिक नीट देईना."

"आत्याबाई, नाटक होतं ते."

"ते कळतंय मला. मी काय येडी हाय? पर आत असल्याबिगर भाईर येतंय का? माझं गुडघं दुखायलेत आता. उद्या अंथरुणाला खिळले तर? माणसाला पारखून घ्यावं."

इथं मी बोलायला हवं होतं. एकच वाक्य पुरलं असतं. पण माझ्या हातात त्यांच्या चोळ्या होत्या आणि त्या चोळ्या पिशवीतून परत कपाटात चालल्या होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी गप्प राहिले आणि कपाटाचा वरचा खण रिकामा केला.

दुपारी आम्ही दोघींनी अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या. त्यांनी आपण होऊन सांगितलं, "तुझ्या हातची भाकर मऊ असती. तिची कडक." सव्वीस वर्षं मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं शेंगांच्या टरफलांत येऊन पडलं. मी उठून त्यांच्यासाठी धपाटी केली.

आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तिला समजावून सांग की."

"तुमची आई आहे. तुम्ही सांगा."

"मी सांगितलं तर ती म्हणंल, लेका, तुला ठेवायची न्हाई का मला." हे खरं होतं. ते पेपर उघडून बसले.

गुरुवारी रेणुकाचा फोन. "अक्का, आत्याबाई माझ्याशी बोलंनात. कालपासून तीनदा लावला. तब्येत बरी आहे ना?"

"थकल्यात," मी म्हणाले.

"अक्का, आपल्या नाटकाला दुसरा नंबर मिळाला. मला अभिनयाचं प्रमाणपत्र. त्यांना सांगा ना."

"सांगते."

सांगितलं नाही. दळण आणलं, बाजरीच्या उंड्यांचं पीठ मळलं, ताकासाठी दूध विरजलं, आंबिलीच्या मडक्याला चुना आणि काव लावला. कामात माणसाला आपल्या मनाचं ऐकू येत नाही, म्हणून बायका एवढं काम करत असाव्यात.

शुक्रवारी सकाळी नऊला चाकूरच्या शेतात पोचलो. ज्वारी कमरेला लागलेली, हरभरा घाट्यावर. भावजींनी कडब्याची कोप बांधून ठेवली होती. रेणुका आत्याबाईंना पाहून धावत आली. तिनं गाडीत पुढची सीट मागे सरकवून उशी बांधली होती, गुडघ्यांना त्रास नको म्हणून. आत्याबाई "हं" म्हणाल्या आणि माझ्या बाजूला येऊन बसल्या. माझ्या बाजूला! मी जरा रेलूनच बसले.

पूजा झाली, आंबील शिंपडली, पंगत बसली. रेणुकानं घरून गव्हाची खीर करून आणलेली. ती वाढायला वाकली तर आत्याबाईंनी ताटावर हात आडवा धरला.

"नको."

"थोडी घ्या की. वेलदोडा घातलाय तुमच्या आवडीचा."

"मला उज्वला वाढंल."

 भावजी म्हणाले, "आई, काय झालंय काय?" आत्याबाई म्हणाल्या, "काय न्हाई. मी नांदेडलाच राहायली यंदा." रेणुका खिरीचं पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मग वळून कोपीच्या मागे गेली.

भज्जीचा घास माझ्या तोंडात फिरायला लागला. जिंकल्यावर जेवण जावं ना? जात नव्हतं. मी पाणी आणायच्या मिषानं मागं गेले. रेणुका कडब्याला टेकून बसलेली. रंगाशिवाय तिचा चेहरा लहान पोरीसारखा दिसत होता.

"अक्का, माझं काय चुकलं? खरं सांगा. मी खालची खोली रिकामी केली. संडासात बसायची खुर्ची आणली. पोरं पण विचारायलीत, आजी कवा येती. मी नोकरी करते, दिवसभर घरात नसते, म्हणून का?"

"नाही गं."

"मग? तुमच्याजवळ काही बोलल्या असतील. तुमच्याजवळ त्या सगळं बोलतात. माझ्याजवळ आल्या की सहा महिने तुमचंच चालू असतं. उज्वलाचं पिठलं असं अन् उज्वलाची घडी तशी. मला तर कधी कधी तुमचा इतका राग येतो!"

 इतकी वर्षं दोन घरांत दोन बाया एकमेकींवर जळत होत्या आणि सरपण एकच म्हातारी पुरवत होती.

मी उठले. आत्याबाई जेवून ज्वारीच्या सावलीत कलंडल्या होत्या. मी त्यांच्या पायथ्याशी बसले.

"आत्याबाई, नाटकात रेणुकानं जे केलं ना, तांब्या आदळला, भिंतीला बोलली, ते तिच्या आतलं न्हाई."

"मंग कुणाच्या?"

"माझ्या." मी म्हणाले. "दोन वर्षांखाली दिवाळीत तुम्ही आजारी होता, तवा मी असंच बोलले होते. स्वयंपाकघरात. तिनं ते बघून उचललं. ती सून मी होते, आत्याबाई. तुम्ही चुकीच्या सुनेला सोडायलात."

 त्यांनी ओटीतली सुपारी काढली, कातरली, तोंडात टाकली. माझा जीव त्या सुपारीबरोबर कातरला जात होता.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मला वाटायलंच होतं, ह्ये कुठंतरी ऐकल्यालं हाय."

"म्हणजे तवा ऐकलं होतं तुम्ही?"

"भिंत पातळ हाय तुझ्या घराची."

मी मान खाली घातली.

"आन् दोन घटकांनी तूच ऊन पाण्यात पाय धरून बसलीस माझे. ते नाटकात घेतलंच न्हाई तिनं." त्या उठून बसल्या. "तू रागानं बोललीस. राग उतरतो. ती तिथं रागाबिगर तसं करायली वाटली, म्हणून भ्याले मी."

मग माझ्याकडे नीट बघून, अगदी मनापासून त्यांनी विचारलं, "पर मंग तुझंच काम होतं तर तुलाच का म्हणून घेतलं न्हाई नाटकात?"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, असं म्हटलं तर खोटं होईल. मी हसायला गेले आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"रेणुके!" आत्याबाईंनी हाक मारली. "खीर सगळी संपिवली का पोरांनी?"

रेणुका वाटी घेऊन आली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "गूळ कमी हाय." म्हणजे सगळं ठीक झालं.

ऊन कलल्यावर आमच्या गाडीतून ह्यांनी दरवर्षीच्या सवयीनं टाकलेली वाकळ निघाली, गोळ्या निघाल्या. चोळ्या नांदेडच्या कपाटातच राहिल्या होत्या, त्या पुढच्या आठवड्यात एसटीनं पाठवायचं ठरलं. आत्याबाई बांधलेल्या उशीला टेकून पुढच्या सीटवर बसल्या. रेणुका काच खाली करून हळूच म्हणाली, "अक्का, काय बोललात त्यांना?"

"गोळ्यांच्या वेळा सांगितल्या," मी म्हणाले.

गाडी शेताच्या धुऱ्यावरून वर चढली. आत्याबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्या रेणुकाला काहीतरी सांगत होत्या, हात हलवून हलवून. बहुतेक माझ्या पिठल्याबद्दल. निदान मी तरी तसंच धरून चालले, आणि ती गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत बांधावर उभी राहिले.