काचेतला डॉक्टर

‘पाठीवर झोपा, ताई.’

ती झोपली. पाठ तिची दुखत होती, आणि पोटात दुखायचं तिच्या नवऱ्याच्या. कुणीतरी फोनच्या काचेतून सांगतं आणि आपली बायको मुकाट्याने सतरंजीवर आडवी होते! फरशीवाल्या नवऱ्याकडे काम एकच, फोन धरायचा.

‘गुडघे वाकवा.’

शिवणयंत्रावर बसून बसून तिची कंबर कामातून गेली, तेव्हापासून ती पाठ त्याची होती. म्हणजे असं, की दिवसभर लोकांच्या घरी फरश्या बसवून तो यायचा, हात धुवायचा आणि तिच्या कमरेला बाम चोळायचा. ‘हां, तिथंच,’ ती म्हणायची. त्या दोन शब्दांसाठी तो धडाधडा जिने चढायचा.

मग दवाखान्याने हा पोरगेला डॉक्टर लावून दिला. बसतो दूर कुठल्याशा शहरात, दिवसाआड काचेत उगवतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, ‘चोळण्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, ताई. ताकद तुमची तुम्हीच कमवायची.’

चोळणारा समोरच उभा होता.

आणि कहर म्हणजे, गुण आला. एकदा खाली पडलेली कात्री तिने स्वतः वाकून उचलली.

‘अहो, बघितलंत? डॉक्टरांना सांगायलाच हवं!’

‘मला सांगितलंस ना आता.’

‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं?’

‘श्वास सोडत कंबर उचला, ताई.’

इथून पुढची गोष्ट जरा लाजिरवाणी आहे, पण सांगायची तर सगळीच.

न्हाणीघरातलं पाणी वाहून जावं म्हणून फरशीला किंचित उतार देतात. कारागीर त्याला ढाळ म्हणतात. चांगला ढाळ डोळ्यांना दिसत नाही. फरशीवाल्याच्या मनगटातच तो मुरलेला. त्या संध्याकाळी त्याने फोनला तेवढाच ढाळ दिला. जमीन दिसली तर चोरी उघडी पडेल, म्हणून जवळ सरकला. चौकटीत फक्त ती आणि मागची कोरी भिंत. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिची चढती रेघ अगदी बरोबर होती. काचेत मात्र तिचा चढ जरा कमी दिसला.

‘अजून थोडं, ताई.’

‘एवढंच येतंय हो.’

‘येतंय, येतंय. उचला!’

तिला जमू नये, डॉक्टरवरचा तिचा विश्वास उडावा, एवढंच त्याच्या मनात होतं. पण बाई ऐकणारी निघाली. तिने उचलली. कमरेत उसण भरली.

‘आई गं!’

‘थांबा.’

त्या रात्री त्याला हवं ते सगळं मिळालं. बाम, गरम पाण्याची पिशवी, तिची पाठ. पण मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे फिरवताना तो दचकला. तिथं काहीतरी घट्ट, नवं, तिने कमावलेलं तयार झालं होतं. त्याला न विचारता.

ती उशीत रडत होती. ‘माझंच चुकतं. नाही जमायचं मला. कळवून टाका त्यांना, बंद करते म्हणून.’

‘कळवतो,’ तो म्हणाला. इतक्या झटकन, की त्याचा तोच चपापला.

कळवलं मात्र नाही.

‘सावकाश कुशीवर वळा,’ त्या दिवशी डॉक्टरने शेवटचं सांगितलं होतं.

नेहमीच्या वेळी काच उजळली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. फोन त्यानेच उचलला.

‘दादा, ताई कशा आहेत? परवा मीच जास्त उचलायला लावलं बहुतेक. चूक झाली माझी.’

नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी काम फत्ते होतं. आयतंच ताटात वाढून आलेलं. त्याने तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

‘चूक तुमची नाही. फोन मी वाकडा धरला होता.’

‘हात भरून आला असेल.’

‘हाताला काही झालं नव्हतं.’

मागे सतरंजी सरकली. ती हातावर जोर देऊन, शिकवल्यासारखी, एकटीच उठून बसली होती.

‘मुद्दाम?’

त्याने मान डोलावली.

‘का हो?’

‘तुला बरं वाटायला लागलं होतं.’ तो अडखळला. ‘त्याच्यामुळे.’

तिने हात पुढे केला.

‘द्या इकडे.’

फोन तिने स्टुलावर डब्याला टेकवून ठेवला.

‘आता तुम्ही बाहेर बसायचं.’

‘अगं, धरतो ना नीट.’

‘बाहेर.’

तो जिन्यावर बसला. आत डॉक्टर काहीतरी हळू आवाजात बोलत होता. काय, ते कळेना. मग ती हसली.

तो उठला आणि दाराला कान लावून उभा राहिला.